दहावीनंतरच्या मुलांची पोटगी कशी भरायची: सोलापुरातल्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

पोटगीचा हुकूम होतो तेव्हा मूल बहुतेक वेळा लहान असतं. हुकुमात 'दरमहा इतके रुपये' एवढंच असतं आणि ते काही वर्षं पुरतं. मग मूल दहावी होतं. अकरावीचा प्रवेश, क्लास, लातूरला ठेवायचं की इथेच, सीईटीचा फॉर्म, वसतिगृह, मेस असे खर्च सुरू होतात आणि जून-जुलैत एकदम अंगावर येतात. त्यातच कधीतरी अठरावा वाढदिवस येतो आणि कुणीतरी सांगतं, "आता तुमचं संपलं."

मी स्वतः पोटगी भरणारा बाप आहे. मुलगी दहावीला असल्यापासून तिच्या शिक्षणाचा खर्च आणि कोर्टाचा हुकूम यांचा मेळ घालत आलो आहे. कोर्टाच्या आवारात माझ्यासारखे अनेक जण भेटले. पैसे द्यायची तयारी असूनही नीट माहिती नसल्यामुळे बरेच जण अडकलेले होते. त्यांच्यासाठी हे लिहितोय. काही घरांत आई कमावते आणि मूल वडिलांकडे असतं. तिथे पोटगी आई भरते. तिलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक सांगून ठेवतो. तुमच्या प्रकरणातला शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा. पण वकिलांकडे जाताना काय विचारायचं हे माहीत असलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

१. आधी हुकुमाची नक्कल काढा आणि स्वतः वाचा

हे पहिलं काम आहे आणि बहुतेकांनी केलेलं नसतं. "वकिलांनी सांगितलं सात हजार, म्हणून सात हजार भरतो" असं चालू असतं. हुकूम वर्षानुवर्षं वकिलांच्या फाइलमध्ये पडून असतो. ज्या कोर्टात हुकूम झाला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा आणि प्रमाणित प्रत घ्या. प्रकरणाचा नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो. तिथे १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी लागतो.

प्रत हातात आली की या गोष्टी शोधा:

- हुकूम कोणत्या कायद्याखाली आहे. फौजदारी बाजूचा असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा किंवा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा. घटस्फोटाच्या दाव्यात झाला असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ किंवा २६. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चं कलम २० किंवा घरगुती हिंसाचार कायदा हेही असू शकतं.
- पत्नीची रक्कम वेगळी आणि मुलाची वेगळी लिहिली आहे की एकत्र.
- रक्कम कोणत्या तारखेपासून द्यायची आहे.
- कधीपर्यंत द्यायची आहे. 'सज्ञान होईपर्यंत', 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत', 'लग्न होईपर्यंत' यातले नेमके शब्द कोणते आहेत.
- शाळा-कॉलेजची फी दरमहा रकमेत धरली आहे की 'शिवाय शैक्षणिक खर्च' असं वेगळं लिहिलं आहे.

शेवटचे दोन मुद्दे तर पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. तुमची पुढची पाचसहा वर्षं त्या दोन ओळींवर ठरणार आहेत. घटस्फोट आपसातल्या संमतीने झाला असेल तर तडजोडीच्या अटींचीही प्रत काढा. मुलीचं पदवीपर्यंतचं शिक्षण वडील करतील असं वाक्य त्यात असलं आणि त्यावर तुमची सही असली, तर वयाचा मुद्दा पुढे करून त्यातून सुटता येत नाही.

सोलापूर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. ज्यांचा तालुका त्याच्या हद्दीत येत नाही त्यांची पोटगीची प्रकरणं तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. बार्शी, पंढरपूर, सांगोला, करमाळा इकडच्या लोकांनी आपला हुकूम नेमका कुठला आहे ते आधी पाहावं. मुलाला घेऊन आई पुण्याला राहत असेल तर अर्ज पुण्यातही होऊ शकतो आणि तारखांना तिकडे जावं लागतं.

२. अठरा वर्षं झाली म्हणजे काय होतं, ते नीट समजून घ्या

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कलम १२५ किंवा आताच्या १४४ खाली मुलाची पोटगी तो अज्ञान असेपर्यंत, म्हणजे १८ पूर्ण होईपर्यंत असते. त्यानंतर शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे मूल स्वतःचं पोट भरू शकत नसेल तरच ती चालू राहते. त्यामुळे धडधाकट मुलगा १८ चा झाला की या कलमाखालचा हक्क साधारणपणे संपतो.

मुलीचं वेगळं आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही तिला आईवडिलांकडून निर्वाह मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या प्रकरणात हे स्पष्ट केलं. मात्र त्यासाठी तिला या कायद्याखाली अर्ज करावा लागतो. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या १२५ च्या अर्जात ते मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका घटस्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की, मुलीला आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे. मुस्लिम कुटुंबांसाठी १९९७ चा नूर सबा खातून निकाल महत्त्वाचा आहे. वडिलांची ऐपत असेल तर मुलगे सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत आणि मुली लग्नापर्यंत पोटगीला पात्र आहेत, असं त्यात ठरलं.

आता कायद्यापलीकडचं. आपल्याकडे मुलं साधारण बारावीच्या वर्षात किंवा ते संपता संपता १८ ची होतात. जानेवारीत गड्डा यात्रा संपता संपता बारावीच्या प्रात्यक्षिकांची धावपळ सुरू होते, मग लेखी परीक्षा, मग एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि मेमध्ये नीट. त्या महिन्यांत 'वाढदिवस झाला' म्हणून पैसे बंद झाले तर क्लासचा शेवटचा हप्ता थांबतो, मेस थांबते. मूल परीक्षेच्या हॉलमध्ये बसतं तेव्हा त्याच्या डोक्यात ते असतं. हक्क संपला असेल तरी शिक्षण चालू असेपर्यंत मुलाला सोडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. मुलगा असो की मुलगी.

आणि कायद्याच्याच बाजूने पाहिलं तरी स्वतःच्या मनाने बंद करण्यात धोका आहे. पत्नीची रक्कम वेगळी नसेल, हुकुमात 'शिक्षण होईपर्यंत' असेल, किंवा दोन मुलांची रक्कम एकत्र लिहिली असेल, तर तुम्ही थांबवलेला प्रत्येक महिना थकबाकीत जातो. जन्मतारखेचा दाखला जोडून कोर्टात अर्ज द्या, हुकूम दुरुस्त करून घ्या आणि मगच रक्कम बदला. वाढदिवसाच्या तीनचार महिने आधी वकिलांशी बोललात तर तारखा हाताशी राहतात.

३. पैसे मागे दिसतील असेच द्या

पोटगी भरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी भरणाऱ्यावर असते. तुम्ही दिले म्हणता, समोरून 'मिळाले नाहीत' म्हणतात, मग कागद बोलतो.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ मला कोर्टात भेटले होते. आठवड्याचा पगार हातात आला की मुलाच्या क्लासबाहेर जाऊन त्याच्याकडे रोख द्यायचे. मुलगा ते पैसे घरी न्यायचा, हे मुलाची आईही नाकारत नव्हती. पण ते खाऊला आणि कपड्याला दिले असं तिचं म्हणणं होतं. हुकुमात पैसे आईला द्यायचे होते आणि पावती एकही नव्हती. थकबाकीचा आकडा तसाच उभा राहिला.

म्हणून:

- रक्कम हुकुमात ज्यांच्या नावाने आहे त्यांच्याच खात्यात भरा. बहुतेक वेळा ती आई असते. मूल १८ चं झालं, त्याचं स्वतःचं खातं झालं, म्हणून परस्पर तिकडे वळवू नका. तसं करायचं असेल तर आईची लेखी संमती घ्या आणि कोर्टात पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, द्या.
- दर महिन्याची तारीख ठरवून बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा. पगार ७ ला होत असेल तर १० तारीख धरा.
- पाठवताना शेऱ्यात 'पोटगी जुलै' असं लिहा. फीचे पैसे वेगळे पाठवा आणि शेऱ्यात 'अकरावी फी' लिहा. दोन्ही एकत्र पाठवले की नंतर कुणालाच हिशोब लागत नाही.
- मोबाइलवरचे स्क्रीनशॉट पुरेसे धरू नका. फोन बदलला की जातात. दर एप्रिलमध्ये बँकेतून शिक्का मारलेला वर्षाचा उतारा घ्या आणि फाइलला लावा.
- रोखच द्यावे लागले तर पावती घ्या. तारीख, रक्कम, कोणत्या महिन्याची आणि सही, एवढं वहीच्या पानावर असलं तरी चालतं.
- समोरून खातं क्रमांक मिळत नसेल किंवा पैसे परत येत असतील तर गप्प बसू नका. कोर्टात रक्कम जमा करण्याची परवानगी मागा आणि जमा केल्याची पावती जपून ठेवा.

मुलाला हातखर्चाला दिलेले पैसे, घेऊन दिलेली सायकल, दिवाळीचे कपडे हे सगळं जरूर द्या. ते पोटगीत धरलं जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. फीचंही तसंच आहे. कॉलेजात जाऊन परस्पर ४० हजार भरले म्हणून दरमहा रक्कम आपोआप कमी होत नाही. ती वजा करायची असेल तर तसं हुकुमात किंवा दोघांच्या सहीच्या पुरसीशीत आलं पाहिजे.

४. शैक्षणिक वर्षाचा खर्च आधीच मांडून घ्या

पोटगी दर महिन्याला सारखी जाते, शिक्षणाचा खर्च तसा येत नाही. जून ते ऑगस्टमध्ये प्रवेश, गणवेश, पुस्तकं आणि क्लासचा पहिला हप्ता येतो. दिवाळीनंतर दुसरा हप्ता. मग परीक्षा शुल्क, सीईटी-नीटचे फॉर्म. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात तर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या चालू असतात आणि जागा मिळाली की ती पक्की करायला मोजकेच दिवस असतात. त्या दिवसांत पैसे नसले तर जागा जाते.

मेमध्येच एका कागदावर वर्ष मांडा. मूल आता मोठं आहे, त्यालाच यादी करायला सांगा. माझी मुलगी मला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवते: फी, बस पास, झेरॉक्स, जर्नल, लॅबचा कोट. पावती मिळाली की तिचा फोटो त्याच दिवशी येतो. ही सवय लागल्यापासून आम्हा दोघा आईवडिलांमध्ये पैशावरून होणारी बोलाचाली जवळजवळ थांबली, कारण आकडा कुणाच्या तोंडचा राहिला नाही.

खर्चाची वाटणी कशी करायची यालाही आधार आहे. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा. आई पुरेशी कमावती असेल तर दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घेता येतो. क्लास आणि इतर शिक्षणाचा खर्चही वाजवी असेल तर धरला जातो. म्हणून लातूरचा महागडा क्लास लावायचा की सोलापुरातच शिकायचं, हा निर्णय होण्याआधी दोघांनी बोलणं गरजेचं आहे. निर्णय एकाने घेतला आणि बिल दुसऱ्याकडे गेलं की भांडण ठरलेलं. थेट बोलणं होत नसेल तर कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांकडे किंवा मध्यस्थी केंद्रात बसून हे लिहून घ्या. दरमहा किती, जूनमध्ये किती, दिवाळीनंतर किती, पावती कोण कुणाला देणार. दोघांच्या सह्या झाल्या की ती पुरसीस प्रकरणात लावा.

शेती असलेल्या पालकांना हा मार्ग विशेष उपयोगी आहे. माळशिरस, माढा भागात उसाचं बिल कारखान्याकडून येईल तेव्हाच हातात पैसा येतो, सांगोल्यात डाळिंबाचा बहर निघाला की येतो. दरमहा मोठी रक्कम झेपत नाही. तेव्हा दरमहा झेपेल तेवढी आणि बिल आल्यावर फीची ठोक रक्कम, अशी मांडणी दोघांनी मान्य केली तर ती कोर्टापुढे ठेवता येते. मान्य झाली नाही तर मात्र हुकुमातली दरमहा रक्कमच चालू ठेवावी लागते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. जुन्या कर प्रणालीत असाल तर दोन मुलांपर्यंतच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या शिक्षण शुल्काची वजावट दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळते. त्यासाठी फी तुम्ही भरल्याचा कागद हवा. देणगी, वसतिगृह आणि क्लासची फी त्यात चालत नाही. दुसरं, बारावीनंतर शैक्षणिक कर्ज घ्यायचं ठरलं तर ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण बँक पालकाला सहकर्जदार करते. सही तुमची लागणार असेल तर बँकेने बोलावलेल्या दिवशी जा.

५. पैशाइतकेच महत्त्वाचे: तुमचे दाखले

याबद्दल कोणी सांगत नाही आणि माझ्या मते वेगळ्या राहणाऱ्या वडिलांकडून सर्वांत मोठी कुचराई इथेच होते. पोटगी वेळेवर जाते, पण मुलाला जातीचा दाखला काढायचा असतो आणि त्यासाठी लागणारे कागद वडिलांच्या कपाटात असतात. आई तहसील आणि सेतू केंद्रात चकरा मारत राहते.

जातीचा दाखला आणि पुढे जात वैधता प्रमाणपत्र यासाठी सहसा वडिलांकडच्या नात्यातले पुरावे मागतात. ते जुन्या तारखांचे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे बहुतेक वेळा मुलाच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेची नोंद. ती गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते आणि तिथे जाऊन उतारा काढणं तुम्हालाच सोपं आहे. आईला त्या गावात आता कोण दारात उभं करणार?

मूल अकरावीत गेलं की हा संच तयार करून त्याच्या हाती द्या:

- तुमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला, वैधता असेल तर तीही
- आजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा किंवा जुना महसुली पुरावा
- तुमच्या उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमीलेअरला तीन वर्षांचा लागतो
- रहिवासासाठी लागणारे कागद, शिधापत्रिका, आधारची प्रत
- वंशावळीचं शपथपत्र करताना लागेल ती सही

विज्ञान शाखेतून अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीयला जाणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मुलांनी वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे द्यावा. प्रवेशाच्या तोंडावर समितीच्या कार्यालयात किती गर्दी असते हे एकदा पाहिलं की उशीर करावासा वाटत नाही.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश कॅपच्या फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. इतर प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्जही महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरूनच भरायचे असतात. एक दाखला नसला तर वर्षाची सगळी फी खिशातून जाते, आणि तिचा बराचसा वाटा तुमच्याकडेच मागितला जाणार.

माफी मिळाली म्हणून पोटगी कमी करायची घाई करू नका. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, प्रवास हे सगळं त्या माफीबाहेर आहे.

६. रक्कम झेपत नसेल किंवा वाढवून मागितली असेल तर

नोकरी गेली, आजारपण आलं, कारखाना बंद पडला, असं काहीही झालं तरी स्वतःहून रक्कम अर्धी करून पाठवू नका. पाठवलेली अर्धी भरलेली धरतील, उरलेली अर्धी थकबाकी म्हणून साचेल. परिस्थिती बदलली की लगेच हुकूम बदलण्याचा अर्ज द्यायचा. फौजदारी बाजूला त्याचं कलम पूर्वी १२७ होतं, आता १४६ आहे. याच कलमाने समोरूनही रक्कम वाढवून मागता येते. मूल आठवीत असताना ठरलेली रक्कम बारावीत पुरत नाही म्हणून असा अर्ज आला तर त्याला वैर समजू नका.

अर्ज कुणाचाही असो, दोघांना मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. रजनेश निकालात त्याचे नमुनेच दिले आहेत. नोकरी-धंदा असणाऱ्यांचा वेगळा, शेती असणाऱ्यांचा वेगळा. तयारीसाठी हे जमवा: पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं, सगळ्या खात्यांचे तीन वर्षांचे उतारे, कर्जाचे हप्ते, घरभाडं, विमा, तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा औषधखर्च. शेती असेल तर सातबारा, आठ-अ, फेरफार, कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या पावत्या.

शपथपत्रात उत्पन्न लपवू नका. पगाराचं खातं दाखवायचं आणि दुसरं खातं झाकायचं, असले सल्ले कोर्टाच्या आवारात फुकट मिळतात. उतारे मागवले की सगळं बाहेर येतं आणि मग खरं सांगितलेलंही कुणी मानत नाही. नोकरी सोडली की पोटगी सुटते हा सल्लाही तसलाच. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात म्हटलं आहे.

अर्ज चालू असताना पैसे बाजूला टाकायला सुरुवात करा. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मंजूर होते, हुकुमाच्या तारखेपासून नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो, पण तारखा लांबतात आणि हुकूम होतो त्या दिवशी दीड-दोन वर्षांची रक्कम एकदम समोर येते. मधल्या काळात दरमहा जमेल ते बँकेतून देत राहिलात तर ते दाखवून वजावट मागता येते.

दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली दोन हुकूम असतील तर दुसऱ्या कोर्टाला पहिल्याची माहिती द्या, प्रत जोडा. एका हुकुमातली रक्कम दुसऱ्यात जमेस धरता येते, पण ते तुम्ही सांगितलं तरच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांची मदतवाहिनी १५१०० आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाच्या मर्यादेत. मुलीला कलम २० खाली अर्ज करायचा असेल तर तिलाही ही वाट सांगा. ती तुमच्याच विरुद्ध अर्ज करणार असली तरी सांगा.

७. थकबाकी झाली असेल तर

लपून बसू नका. समन्स टाळलं, तारखा चुकवल्या की प्रकरण वॉरंटपर्यंत जातं. कलम १२५ किंवा १४४ च्या हुकुमात पुरेशा कारणाशिवाय रक्कम थकवली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे रक्कम फिटली असं अजिबात नाही. १९८९ च्या कुलदीप कौर निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते साफ सांगितलं आहे. दिवाणी हुकुमाच्या वसुलीत पगारावर जप्ती येऊ शकते आणि पोटगीच्या बाबतीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. साध्या कर्जापेक्षा हे बरंच कडक आहे.

तारखेला हजर राहा. जाताना हातात काहीतरी रक्कम घेऊन जा, ती कोर्टात भरा आणि उरलेल्याचे हप्ते लेखी मागा. चालू महिन्याची पोटगी आणि थकबाकीचा हप्ता हे दोन वेगळे धरून चला. पैसे आले की आधी चालू महिना भरा, कारण मुलाची मेस चालू महिन्याच्या पैशावर चालते.

८. भेट आणि पोटगी एकमेकांत अडकवू नका

"मुलाला भेटू देत नाहीत, मग पैसे कशाला?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि त्यामागचं दुखणं मला कळतं. पण कोर्टात हे दोन वेगळे विषय आहेत. भेट मिळत नसेल तर ताबा आणि भेटीचा स्वतंत्र अर्ज आहे, तो करा. पोटगी रोखून भेट मिळत नाही, उलट भेटीच्या अर्जात थकबाकीचा कागद तुमच्यासमोर ठेवला जातो.

सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर आणखी एक गोष्ट आहे. या वयात कुणाला भेटायचं हे ते बऱ्यापैकी स्वतःच ठरवतं. त्याला पैशाच्या भांडणातला निरोप्या करू नका. "आईला सांग मी भरलेत" हा निरोप त्याच्यामार्फत कधीही नको. फी भरल्याची पावती आईला तुम्ही पाठवा. आणि मुलाशी बोलाल तेव्हा केमिस्ट्री कशी चालली आहे ते विचारा.

९. शिक्षण संपल्यावर हिशोब बंद कसा करायचा

पदवी झाली, नोकरी लागली किंवा मुलीचं लग्न झालं, म्हणजे हुकुमातली अट पूर्ण झाली, तरी कागद पूर्ण होईपर्यंत थांबा. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका किंवा नेमणुकीचं पत्र यांची प्रत मुलाकडून मागून घ्या. आजवर भरलेल्या रकमेचा तक्ता करा, त्याला बँकेचे उतारे जोडा. समोरच्या बाजूला तक्ता दाखवून काही बाकी नाही अशी पुरसीस दोघांच्या सहीने द्या. सही मिळत नसेल तर हुकूम रद्द करण्याचा अर्ज करा आणि हे सगळे कागद त्याला लावा. कोर्टाचा आदेश झाला की त्याची नक्कल काढा. त्यानंतर बँकेत जाऊन स्थायी सूचना बंद करा. फाइल फेकू नका. दुसरं मूल शिकत असेल तर त्याच्या नावाची वेगळी फाइल त्याच दिवशी सुरू करा आणि त्याच्या वाट्याची रक्कम किती, हे नव्या आदेशात लिहून आलंय ना ते कोर्टातून निघण्याआधी वाचून घ्या.